ओ निगेटिव्ह कुणी अडवलं?

१

साहेब, तुम्ही खोटं बोललात.

भर सभेत बोललात. सगळ्या खात्यांच्या लोकांसमोर, हॉस्पिटलचे प्रमुख म्हणून उभं राहून म्हणालात, "डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईंच्या हलगर्जीपणामुळे रक्त मिळायला उशीर झाला." मग पाण्याचा घोट घेतलात, आणि पुढच्या विषयाकडे वळलात. तुमच्या दृष्टीने प्रकरण मिटलं होतं.

त्या बाई माझी थोरली बहीण. आणि मी तुमच्याच हॉस्पिटलची अँब्युलन्स चालवतो. त्यामुळे तुम्ही जे बोललात ते मी मागच्या रांगेत उभा राहून ऐकलं, आणि जे झालं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दोन्हींचा मेळ बसत नव्हता.

झालं ते असं. एक बाई बाळंत झाली. बाळ खणखणीत रडलं, पण आईचा रक्तस्राव थांबेना. तिचा गट ओ निगेटिव्ह. सहजी न मिळणारा. पण आपल्या रक्तपेढीत त्याच्या पिशव्या होत्या. फ्रिजमध्ये, काचेआड, डोळ्यांना दिसत होत्या! फक्त तो फ्रिज हाताने उघडत नाही. कम्प्युटरवर पिशवी रुग्णाच्या नावाने राखून ठेवायची, ती नोंद झाली की कप्पा आपोआप उघडतो. एकच पिशवी दोघांना जाऊ नये म्हणून केलेली सोय. चांगली सोय आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तंत्रज्ञाने 'राखून ठेवा' दाबलं. पडद्यावर चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं.

वरून डॉक्टर फोनवर ओरडत होते. खाली चक्र फिरत होतं. शेवटी मला पिटाळलं दुसऱ्या हॉस्पिटलला. येताना रक्ताची पेटी शेजारच्या सीटवर होती. तिला पट्टा लावला होता, मला नव्हता. मी फाटकातून आत शिरलो आणि त्याच सुमाराला, कुणी काही न करता, आपल्या रक्तपेढीतलं चक्र थांबलं. कप्पा टक् करून उघडला.

बाई वाचली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. मी आणलेल्या पिशवीवर वाचली.

पण दुसऱ्या दिवशी तुम्ही एक कागद फडकावलात. आपल्या सर्व्हरवर एक देखरेख चालते. सर्व्हरला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला क्वेरी म्हणतात. जी क्वेरी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त रेंगाळते, ती मंद क्वेरींच्या यादीत जाऊन पडते. त्या दिवशीच्या यादीत एकच ओळ होती. रक्ताची पिशवी राखून ठेवणारी क्वेरी.

ती लिहिलेली माझ्या ताईने.

२

"माझीच आहे रे ती," ताई म्हणाली. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून ती भेंडी चिरत होती. चिरत कसली, तिचा कीस पाडत होती. "एक एक शब्द माझा आहे. काहीतरी चुकलं असणार."

"काय चुकलं?"

"तेच कळत नाही ना! आणि बघायचं तरी कशात? देखरेखीचे अधिकार काढून घेतलेत माझे. मला फक्त ती यादी दिसते. बाकी सगळं आता त्या कंत्राटदाराकडे."

"का काढले?"

"मागे एका सभेत मी नको ते बोलले म्हणून."

आईने आतून आवाज दिला, "अगं, त्या मशीनला एक सणसणीत चापट दे. आपला मिक्सर तसाच चालू होतो."

ताई हसली. पण डोळे भरले होते. "पुढच्या बैठकीत मला काढणार आहेत, धाकट्या. नोकरी गेली तर दुसरी बघेन. पण 'हिच्यामुळे एक बाळंतीण मरता मरता वाचली' हे माझ्या नावाला कायमचं चिकटणार. कोण देईल मला डेटाबेस हातात? आणि खरंच माझ्यामुळे झालं असेल तर?"

हा शेवटचा प्रश्न माझ्या छातीत रुतला. साहेब, तुम्ही तिची नोकरी घ्यायला निघाला होतात एवढंच नाही. तुम्ही तिला तिच्याच कामाबद्दल शंका घ्यायला लावलीत.

तुमच्या मंडळावर एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई आहेत. त्या अडून बसल्या: बाहेरचा तपासनीस आणल्याशिवाय मी हिला काढायच्या कागदावर सही करणार नाही. म्हणून एक तपासनीस बाई आली. पिकलेले केस, खांद्याला भलीमोठी पिशवी, पायात आवाज न करणाऱ्या चपला. एका तासात सगळ्या हॉस्पिटलने तिचं नाव टाचणीबाई ठेवलं, कारण ती हळू आवाजात एक प्रश्न टोचायची आणि गप्प बसायची.

तिला सगळीकडे फिरवायचं काम माझ्याकडे आलं. मी आधीच सांगून टाकलं, "मी आरोपीचा भाऊ आहे."

"मग चांगलंच की," ती म्हणाली. "मी चुकले तर लगेच ओरडाल."

पहिल्यांदा तिने ताईला समोर बसवून ती क्वेरी चालवायला सांगितली. ताईने कळ दाबली. उत्तर आलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत आलं.

"परत."

परत तेच. दहा वेळा, वीस वेळा. एकदाही रेंगाळली नाही.

"सुरेख लिहिली आहेस गं," टाचणीबाई म्हणाली. "नेमकी एका पिशवीपाशी जाते, इकडेतिकडे बघतही नाही."

"मग त्या दिवशी काय झालं तिला?"

टाचणीबाईने आपली पिशवी उचलली आणि मला विचारलं, "त्या दिवशी सर्व्हर दमला होता का, हे कोण सांगेल?"

३

ते सांगणारा म्हणजे कंत्राटदार. त्याला सगळे 'होऊन-जाईल' म्हणतात. काहीही सांगा, तो हेच म्हणतो. होत काही नाही.

त्याच्या खोलीत भिंतभर मोठा पडदा. त्यावर सर्व्हरवर या क्षणी कोणत्या क्वेरी चालू आहेत ते दिसतं. हिरव्या म्हणजे वेगात, पिवळ्या म्हणजे रेंगाळायला लागलेल्या, लाल म्हणजे यादीत जाणार.

"त्या वेळी सर्व्हरवर ताण होता?" टाचणीबाईने विचारलं.

"छे हो मॅडम! मशीन अगदी निवांत. हा आलेख बघा ना, सपाट. डुलक्या काढत होतं म्हणा."

"आणि पडद्यावर काय दिसत होतं?"

"एकच लाल ओळ. यांच्या ताईंची." त्याने माझ्याकडे हनुवटी उडवली. "मी काय म्हणतो, माणूस आहे, चूक होते. आता नवीन लिहून घेऊ. होऊन जाईल."

माझी मूठ वळली. टाचणीबाईने माझ्याकडे पाहिलंही नाही, पण माझ्या पायावर तिची चप्पल हलकेच पडली.

"मशीन रिकामं होतं," ती म्हणाली. "मग एक एवढीशी क्वेरी धापा का टाकत होती?"

होऊन-जाईलने खांदे उडवले.

"बरं, या पडद्यावर सगळे दिसतात ना? जे जे सर्व्हरला जोडलेले आहेत ते?"

"सगळे कसे? काम करणारे दिसतात."

"आणि जो नुसता जोडून बसलाय? काहीच करत नाही?"

तो मोठ्याने हसला. "मॅडम, काही न करणाऱ्याला पडद्यावर आणून काय आरती करायची त्याची? तो कुणाला काय त्रास देणार?"

टाचणीबाई हसली नाही. उठता उठता तिने शेवटची टाचणी टोचली. "बराच वेळ नुसत्या बसलेल्याला सर्व्हर आपोआप बाहेर काढतो. ती सोय साध्यासुध्या हॉस्पिटलातसुद्धा असते. तुमच्याकडे ती दिसली नाही मला. कधीपासून बंद आहे?"

होऊन-जाईलच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला जीव निघून गेला.

"ते... मला बघावं लागेल," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो 'होऊन जाईल' म्हणाला नाही.

४

रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाला आम्ही गारठा म्हणतो. दिवसभर फ्रिजांच्या गारव्यात असतो, म्हणून भर उन्हाळ्यातही त्याच्या अंगात स्वेटर. आम्ही गेलो तेव्हा तो फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभा होता.

"जरा सरका," टाचणीबाई म्हणाली.

"इथे काही नाहीये."

"मग सरकायला काय हरकत?"

तो सरकला. ओ निगेटिव्हच्या कप्प्याच्या कडेला लांब ओरखडे होते, पत्रा किंचित वाकला होता. म्हणजे याने कप्प्यात काही गडबड केली होती? आणि तो अडकला म्हणून सगळं?

"कधीचे आहेत हे?"

गारठाचा बांध एकदम फुटला. "त्याच दिवशीचे! स्क्रूड्रायव्हर घालून उघडायला बघत होतो. नियम मोडत होतो, माहीत आहे मला. काढा मला. पण वर बाई मरतेय, पिशवी माझ्या नाकासमोर, आणि मी चक्राकडे बघत बसू? कुणाचं ऐकू मी, कम्प्युटरचं का डॉक्टरांचं?"

"हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर फ्रिज मीच बिघडवला म्हणाले असते. कुणावर तरी खापर फोडायचंच होतं." मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "तुझ्या ताईवर फुटलं. मी गप्प बसलो. रागाव माझ्यावर."

रागावलो होतोच. पण त्याच्या हाताच्या तळव्यावर पत्र्याने कापल्याची खूण होती, ती दिसली. राग तिथेच थबकला.

"कप्पा उघडला कसा शेवटी?" टाचणीबाईने विचारलं.

"शप्पथ, मी काही केलं नाही. याच्या ताई सर्व्हर बंद करून चालू करायला निघाल्या होत्या, त्याआधीच चक्र थांबलं. आपोआप."

"तोपर्यंत रक्तपेढीचं सगळंच काम ठप्प होतं?"

"नाही ना! तेच तर कोडं आहे." गारठाने स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं. "त्याच वेळात मी दुसऱ्या एका पेशंटला बी पॉझिटिव्ह दिलं. झटक्यात झालं. तीच कळ, तीच ताईंची क्वेरी. फक्त ओ निगेटिव्हला हात लावला की चक्र."

टाचणीबाई फ्रिजकडे तोंड करून उभी राहिली.

"वाईट क्वेरी असती," ती पुटपुटली, "तर दोन्हीकडे रेंगाळली असती." मग माझ्याकडे वळली. "तुमची बहीण निर्दोष आहे. हे मला आत्ताच कळलं. पण मंडळाला 'कुणी नाही केलं' हे पटत नाही, 'कुणी केलं' तेच लागतं. आणि तो कुणीतरी या यादीत नाही."

५

तुमच्या खोलीबाहेर एक लाल दिवा आहे, साहेब. तो लागलेला असला की कुणी आत यायचं नाही, दार वाजवायचं नाही. तुमच्या सहायकाला आम्ही सावली म्हणतो. बिचारा तुमच्या मागे मागे असतो आणि स्वतःचं मत कधी जमिनीवरून वर उचलत नाही.

"त्या दिवशी दिवा लागलेला होता?" टाचणीबाईने विचारलं.

"हो. सकाळी पाहुणे आले होते तेव्हा साहेबांनी लावला. साहेब दुपारनंतर परत आले तेव्हा बंद केला."

"परत आले म्हणजे? मध्ये बाहेर गेले होते?"

सावली गोंधळला. "नव्या इमारतीचं उद्घाटन होतं ना. साहेब पाहुण्यांना घेऊन मागच्या दाराने गेले. भाषण होतं त्यांचं. लांबलं जरा."

"मग दिवा लावूनच गेले?"

"राहिला असेल लागलेला."

"आणि खोली रिकामी असूनही आत कुणी गेलं नाही?"

"दिवा लागलेला होता ना!" सावलीला प्रश्नच कळला नाही.

"पाहुण्यांना साहेबांनी काय दाखवलं?"

इथे सावली खुलला. "आपली नवी पद्धत. दुर्मिळ गटाच्या पिशव्यांवर साहेबांचं स्वतःचं लक्ष असतं. त्यांच्या कम्प्युटरवर मंजुरीचा खास पडदा आहे. तो उघडून त्यांनी पाहुण्यांना सांगितलं, 'माझ्या परवानगीशिवाय यातली एक पिशवी हलत नाही.' पाहुणे फार खूश झाले."

टाचणीबाईने डोळे मिटले. क्षणभरच. मग म्हणाली, "साहेबांना भेटायचंय."

तुम्ही आम्हाला उभंच ठेवलंत. आठवतंय? मला तर म्हणालात, "ड्रायव्हर आत कशाला?" टाचणीबाई म्हणाली, "माझी पिशवी जड आहे." मग तुम्ही तुमचं ते वाक्य बोललात.

"मॅडम, माझा काय संबंध? मी भाषण करत होतो, शेकडो लोकांनी पाहिलंय. त्या वेळी मी कम्प्युटरला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. मी काहीही केलेलं नाही!"

"माझा पूर्ण विश्वास आहे," टाचणीबाई म्हणाली. "मला हेच ऐकायचं होतं."

तुम्ही हसलात. तुम्हाला वाटलं, सुटलो.

६

बैठकीला ताई आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. मी पिशवी वाहायच्या निमित्ताने भिंतीशी उभा राहिलो. गारठा आणि होऊन-जाईललाही बोलावलं होतं. म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या.

"भाषण नको," त्या म्हणाल्या. "काय झालं ते सांगा."

"सांगत नाही, दाखवते," टाचणीबाई म्हणाली. "साहेब, तुमचा मंजुरीचा पडदा इथे उघडाल? ओ निगेटिव्हचा. फक्त उघडा, बाकी काही करू नका."

"खऱ्या पिशव्या अडकणार नाहीत ना?" डॉक्टरीणबाईंनी झटकन विचारलं.

"सरावाच्या सर्व्हरवर करतोय. हुबेहूब तसाच आहे, पिशव्या तेवढ्या कागदावरच्या. आणि हो, 'अडकणार' हा शब्द तुम्हीच वापरलात, मी नाही."

तुम्ही पडदा उघडलात. हात बाजूला घेऊन खुर्चीत मागे रेललात. "हं. उघडला. काही करत नाहीये मी."

"छान. आता तुम्ही राखून ठेवा," ती गारठाला म्हणाली.

गारठाने कळ दाबली. चक्र फिरायला लागलं.

भिंतीवर होऊन-जाईलचा देखरेखीचा पडदा लावला होता. त्यावर ताईची क्वेरी हिरवी उगवली, पिवळी झाली, लाल झाली. यादीत जाऊन पडली. एकटीच.

"बघा!" तुम्ही ओरडलात. "बाईंची क्वेरी!"

"बघतेय. आता मी एक वेगळा प्रश्न विचारते. कोण मंद आहे, हा नाही. कोण कुणासाठी खोळंबलंय, हा." टाचणीबाईने चार अक्षरं लिहिली. पडद्यावर उत्तर आलं. राखून ठेवणारी क्वेरी खोळंबली आहे. कुणासाठी? प्रमुखांच्या खुर्चीसाठी, म्हणजे तुमच्या कम्प्युटरसाठी. प्रमुखांची खुर्ची काय करते आहे? काहीही नाही. नुसती बसली आहे, ओ निगेटिव्हचा सगळा कप्पा हातात धरून.

"आता पडदा बंद करा, साहेब."

तुमचा हात उचलेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "करा बंद!"

तुम्ही बंद केलात आणि त्याच क्षणी गारठाच्या पडद्यावरचं चक्र थांबलं. नोंद झाली.

"ही यादी कुणाला उशीर झाला ते सांगते," टाचणीबाई म्हणाली. "कुणी उशीर केला ते नाही. अरुंद रस्त्यात कुणी गाडी आडवी लावून जेवायला गेला, तर मागच्या अँब्युलन्सला उशीर होतो. तुम्ही उशिरा पोचलेली अँब्युलन्स पकडून तिच्या ड्रायव्हरला काढायला निघालात." तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पण माझी कानशिलं गरम झाली. "जो गाडी लावून गेला तो चालतच नव्हता, म्हणून मंद चालणाऱ्यांच्या यादीत कसा येईल? मशीन निवांत का होतं? कारण कुणी काही करतच नव्हतं. बी पॉझिटिव्ह का मिळालं? कारण त्यांनी धरून ठेवला होता तो फक्त ओ निगेटिव्हचा कप्पा. कप्पा आपोआप का उघडला? कारण भाषण संपलं, साहेब खोलीत परतले, लाल दिवा बंद केला आणि तो पडदाही."

"पण पडदा नुसता उघडल्याने कप्पा का अडकावा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आता होऊन-जाईल उभा राहिला. "साहेबांनीच तसं मागितलं होतं. म्हणाले, मी बघत असताना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मी तसं बनवून दिलं. मग ते फोनवर बोलत बसले की सर्व्हर त्यांना बाहेर काढायचा, त्यावर ते चिडले. म्हणाले, ती सोय बंद कर. मी केली. सगळ्यांसाठीच बंद केली, एकट्यासाठी कशी करायची ते शोधायचा कंटाळा आला. ताईंनी सभेत सांगितलं होतं, एखाद्या दिवशी कुणीतरी पडदा उघडा टाकून जाईल आणि रक्त अडकेल म्हणून. त्यानंतर त्यांचे अधिकार गेले." तो ताईकडे वळला. "मी म्हणालो होतो, काही नाही होणार. चुकलो मी."

ताई खुर्चीत बसून रडत होती. पण ते वेगळं रडणं होतं. ती पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होती, "माझी क्वेरी नव्हती. माझी क्वेरी बरोबर होती."

गारठाने स्वेटर काढून तिच्या खांद्यावर टाकला. खोलीत उकडत होतं, तरीही.

७

आता चांगलं सांगतो, कारण चांगलंही झालं.

ताईला अधिकार परत मिळाले. पहिल्याच दिवशी तिने उघड्या टाकलेल्या पडद्याला बाहेर काढणारी सोय चालू केली. सगळ्यांसाठी, तुमच्यासकट. आता नुसता बघायला पडदा उघडला तर काही अडकत नाही, मंजुरीची कळ दाबली तरच पिशवी धरली जाते, तीही क्षणभर. होऊन-जाईलच्या भिंतीवर लाल ओळीच्या शेजारी आता आणखी एक ओळ येते: ही कुणासाठी थांबली आहे. तो स्वतः मोठ्या हौसेने दाखवतो सगळ्यांना. गारठाच्या फ्रिजला हाताने उघडायची किल्ली आली, काचेच्या पेटीत. त्याला ती अजून लागलेली नाही. लागू नये.

टाचणीबाई जाताना ताईला म्हणाली, "सोडून जाऊ नकोस गं. खरं सभेत बोलणारी माणसं सर्व्हरपेक्षा महाग असतात." आईने तिला जेवायला थांबवलं, आणि मिक्सर दाखवला. टाचणीबाईने त्याला एक चापट दिली. चालू झाला.

तुमच्या दाराबाहेरचा लाल दिवाही इलेक्ट्रिशियनने काढून नेला. कुणी सांगितलं ते तो सांगत नाही. डॉक्टरीणबाईंचं नाव काढलं की हसतो.

पण साहेब, मंडळाने बाहेर जो खुलासा लावलाय तो मी वाचला. 'तांत्रिक कारणाने विलंब झाला.' तांत्रिक कारण! म्हणजे पुन्हा कुणीच नाही. पुन्हा तुम्ही काही केलेलं नाही.

ती बाळंतीण परवा तपासणीला येणार आहे. बाळ घेऊन येईल. मी त्यांना घरी सोडलं तेव्हा ती मागच्या सीटवरून म्हणाली होती, "भाऊ, रक्त तर इथेच होतं म्हणे. मग मला का नाही मिळालं?" मी म्हणालो, "विचारून सांगतो."

म्हणून विचारतोय. ताई तिला सांगायला तयार आहे, गारठा तयार आहे, होऊन-जाईलसुद्धा. पण ते त्यांचं काम नाही. ती तुमच्या दारात येईल. आता तिथे लाल दिवा नाही, ती सरळ आत येईल आणि कडेवरच्या बाळासकट तुमच्या समोर उभी राहील.

त्या वेळी मागच्या दाराने जाऊ नका. तिच्या डोळ्यांत बघून सांगा, साहेब. ओ निगेटिव्ह कुणी अडवलं?